नऊनंतर डोंगर बंद



अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचे मोठे शहर आहे. त्या शहराच्या वस्तीतच कॅमलबॅक नावाचा डोंगर आहे. उन्हाळ्यात ज्या दिवशी तिथले हवामान खाते अति उष्णतेचा इशारा देते, त्या दिवशी या डोंगराच्या वाटा सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवतात. पायथ्याशी पाटी लागते, नगरपालिकेची माणसे लक्ष ठेवतात, आणि नऊनंतर आलेल्याला परत पाठवतात. बँकेला वेळ असते, कुपात खोलीमला वेळ असते, पण वेळापत्रक असलेला डोंगर मी पहिल्यांदाच पाहिला.

या नियमावरून तिथे वाद होतात. मला तो नियम पसंत आहे. इतका पसंत आहे की आपल्या वयाच्या प्रत्येकाने तो स्वतःपुरता, आणखी थोडा कडक करून, अश्दोदमध्ये नाहीतर दिमोनात राहूनही पाळावा असे माझे मत झाले आहे.

माझा मुलगा किर्यात गातच्या इंटेल कारखान्यात नोकरीला. याच कंपनीचा मोठा कारखाना फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर गावी आहे, आणि त्याला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवले. मी फेब्रुवारीत त्याच्याकडे गेले ती जुलैअखेर परत आले. त्यामुळे एकाच डोंगराचे दोन चेहरे पाहायला मिळाले. मुंबईत आणि नंतर इथे मिळून छत्तीस वर्षे मी नर्सचे काम केले आहे. ही सवय जात नाही. लोक डोंगरावर जाऊन देखावा बघतात, मी उतरणाऱ्यांचे चेहरे बघते.

कॅमलबॅक म्हणजे उंटाची पाठ. लांबून पाहिले तर खरोखरच वाळवंटात उंट बसलेला वाटतो, डोके एका बाजूला, मदार मधोमध. बेरशेवाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शिखर समुद्रसपाटीपासून 2,700 फुटांच्या थोडे वर. पण शहर स्वतःच उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ सुमारे 1,280 फुटांचा, म्हणजे 390 मीटरच्या आसपास. वर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेकडून एको कॅन्यन, पूर्वेकडून चोया. चोया हे तिथल्या एका निवडुंगाचे नाव, आणि तो निवडुंग कपड्याला चिकटला की सुटत नाही. एको कॅन्यनची वाट जेमतेम दोन किलोमीटर. दोन किलोमीटर ऐकून माणूस फसतो. सकाळी आपण समुद्रावर तेवढे चालतोच की! पण त्या दोन किलोमीटरात तीनशे नव्वद मीटर वर जायचे आहे.

आकड्यांनी समजत नसेल तर कनकेश्वर आठवा. अलिबाग तालुक्यातल्या आपल्या माणसांना मापगावचा तो डोंगर माहीत आहे. देऊळ शेजाऱ्यांचे, पण डोंगर सगळ्या मुलांचा. आमचे आजोळ रेवदंड्याचे, सुट्टीत गेलो की शेजारच्या मुलांबरोबर एकदा तरी कनकेश्वर व्हायचा. त्याची उंची आणि कॅमलबॅकचा चढ जवळजवळ सारखाच. इथले उदाहरण हवे असेल तर मसादाची सर्पवाट. तीही तीनशे-साडेतीनशे मीटरच चढते.

मग फरक काय? कनकेश्वराला आंग्र्यांच्या काळात बांधलेल्या सातशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना झाडी आहे. म्हाताऱ्या बाया देवाच्या पायरीपाशी टेकायच्या, कोणीतरी ताक नाहीतर कोकम सरबत विकायला बसलेले असायचे, आणि वर पोचायला दोन तास लागले तरी कोणी विचारत नसे. कॅमलबॅकवर सावली अशी नाहीच. तांबडा उघडा खडक, मध्ये मध्ये हात वर करून उभे असलेले सग्वारो निवडुंग, आणि दोन ठिकाणी चढ इतका उभा की लोखंडी कठड्याला धरून वर ओढत जावे लागते. वरच्या भागात तर वाट नाहीच, मोठमोठ्या दगडांवरून हातपाय टेकत चढायचे. विमानाने आलेला पाहुणा हॉटेलातून निघतो, पंधरा मिनिटांत पायथ्याशी पोचतो, हातात पाण्याची एक छोटी बाटली. डोंगर शहरापासून लांब असता तर लोक तयारी करून आले असते. तो घराच्या मागेच आहे म्हणून घात होतो.

फेब्रुवारीत मी तिथे गेले. सकाळी सात वाजता हवा थंड, अंगात स्वेटर. नातू बरोबर होता. पहिल्या कठड्यापर्यंत गेले, तिथे एका दगडावर बसले, थर्मासमधला चहा प्यायले आणि त्याला म्हटले, “तू जा वर, मी इथेच आहे.” हे घरून निघतानाच ठरले होते. माझे वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा गेली दहा वर्षे तक्रार करतो, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत.

तासभर मी तिथे बसले होते, आणि त्या तासात चाळीस-पन्नास माणसांनी मला धीर दिला. अमेरिकन माणूस मोठा उत्साही. “थोडंच राहिलंय!” “तुम्हाला जमेल!” एका तरुणीने तर हात पुढे केला. सगळे प्रेमाने बोलत होते, यात शंका नाही. पण म्हाताऱ्या माणसाला डोंगरावर ऐकवण्यासारखे याहून वाईट वाक्य मला माहीत नाही. एक तर ते खोटे असते, पहिल्या कठड्यापासून शिखर चांगले दूर आहे. दुसरे म्हणजे, शिखर हा अर्धाच रस्ता. पोचलात की तेवढेच पुन्हा उतरायचे असते, आणि उतरताना थकलेल्या मांड्यांना ब्रेक लावायचे काम करावे लागते. चढताना दम लागतो म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबत नाही, आणि पाय लटपटायला लागल्यावर मग कळते. सांधा बदललेल्यांनी, तोल जाणाऱ्यांनी, डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्यांनी दगडांच्या उतारावर जाऊच नये, मग हवा कितीही सुंदर असो.

हे झाले हिवाळ्याचे. जून उजाडला आणि तोच डोंगर भट्टी झाला. फिनिक्सचा उन्हाळा आपल्या एलातसारखा, पण आणखी लांबलेला. 2023 साली तिथे सलग 31 दिवस पारा 110 अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या मोजणीने 43 अंशांच्या वर. कित्येक रात्री तो 32 अंशांच्याही खाली उतरला नाही. त्या एका वर्षात एकट्या मॅरिकोपा जिल्ह्यात उष्णतेमुळे 645 माणसे गेल्याची नोंद सरकारी अहवालात आहे. डोंगरावर गेलेले त्यांत थोडेच. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

वाट बंद ठेवण्याचा नियम 2021 च्या जुलैत आला. त्या उन्हाळ्यात डोंगरावरून माणसे उतरवून आणायच्या खेपा वाढल्या होत्या आणि सोडवायला गेलेले अग्निशामक दलाचे जवान स्वतःच उन्हाने आजारी पडत होते. त्यांच्या संघटनेने आग्रह धरला. मग शहराच्या उद्यान मंडळाने आधी प्रयोग म्हणून, नंतर कायमचा नियम म्हणून, कॅमलबॅकच्या दोन्ही वाटा आणि जवळच्या पिएस्टेवा शिखराची वाट बंद ठेवायला सुरुवात केली. सुरुवातीला अकरापासून बंद असे, पुढे ती वेळ नऊवर आणली.

आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहत. वय बहात्तर, काटक, मिश्कील. त्यांना हा नियम म्हणजे अपमान वाटे. “तीस वर्षं मी हा डोंगर चढतोय,” ते कुंपणापाशी उभे राहून मला सांगत. “कोणी टुरिस्ट चपला घालून चढतो आणि चक्कर येऊन पडतो, म्हणून माझी वाट बंद? मी मोठा माणूस आहे, माझं मी बघीन.”

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्यालाही हे रोज सोसावे लागते. मुले म्हणतात एकटी बसने जाऊ नकोस, सून म्हणते स्टुलावर चढू नका, डॉक्टर म्हणतो मीठ सोडा. म्हातारपणी प्रत्येक जण आपल्यासाठी काहीतरी बंद करायला टपलेला असतो. त्यात आता डोंगरही! शिवाय तीस वर्षे चढणाऱ्याला त्या डोंगराची माहिती पाटी लावणाऱ्यापेक्षा जास्त असते, हेही खरे.

तरी मी त्यांच्याशी भांडले. “माझं मी बघीन” हे वाक्य म्हणायला डोके ठिकाणावर लागते, आणि उन्हाचा घाव नेमका डोक्यावरच पडतो. शरीर तापत गेले की पाय थकण्याबरोबर विचारही मंद होतो. माणूस चिडतो, हट्ट धरतो, “मला काही झालं नाही” म्हणतो. वॉर्डात मी उष्माघाताचे जे रोगी पाहिले, त्यांतला एकही “मला उष्माघात झालाय” म्हणत आला नाही. त्यांना कोणीतरी आणले होते. वर, तापलेल्या दगडावर, अर्ध्या वाटेवर उभे राहून परतायचे की नाही हे ठरवणे म्हणजे पिणाऱ्याने तिसऱ्या पेल्यानंतर चौथ्याविषयी ठरवणे. निर्णय खाली, थंड डोक्याने, आदल्या रात्री घ्यायचा असतो. फिनिक्सच्या नगरपालिकेने तो सगळ्यांच्या वतीने घेतला, एवढेच.

आणि त्या जवानांचा विचार कोणी करायचा? आडव्या पडलेल्या माणसाला तिथून आणायचे म्हणजे हेलिकॉप्टर येते, नाहीतर एका चाकाचे स्ट्रेचर घेऊन पाच-सहा जण, अंगावर जड कपडे, भर दुपारी दगडांवरून जातात. त्यांनाही आई असते. शेजारी यावर गप्प झाले. पटले म्हणून की मी पाहुणी म्हणून, ते सांगता येणार नाही.

आता आपल्या वयाविषयी. तरुणाला तहान लागते, तो पाणी पितो. साठीनंतर शरीरातले पाणी कमी झाले तरी तहानेची घंटा उशिरा वाजते, कधी वाजतच नाही. घामही कमी आणि उशिरा येतो, कातडीकडे रक्त पोचवायला हृदयाला जास्त कष्ट पडतात. म्हणजे यंत्र थंड ठेवायची सोय कमजोर झालेली असते आणि ती कमजोर झाल्याचे कळवणारी घंटाही बिघडलेली असते. “मला तहानच लागत नाही हो” असे आपल्या बायका कौतुकाने सांगतात. त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही.

फिनिक्समध्ये आणखी एक फसवणूक आहे. अश्दोदला ऑगस्टमध्ये ब्लाउज पाठीला चिकटतो, घाम थेंबाथेंबाने टपकतो, तेव्हा समजते की पाणी जाते आहे. फिनिक्सची हवा इतकी कोरडी की घाम बाहेर येता येताच उडून जातो. अंग कोरडेच राहते, माणसाला वाटते मला घामच येत नाही. उन्हात जोराने चढताना तासाला लिटरभर पाणी सहज जाते. नेगेवात राहणाऱ्यांनाही हा अनुभव आहे, फक्त कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग दिसेपर्यंत कोणी लक्ष देत नाही.

मग येतात गोळ्या. आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या डब्यात लघवी वाढवणारी गोळी असते. ती पाणी आणि क्षार बाहेर काढते, ऊन तेच करते, दोन्ही मिळून रक्तदाब खाली आणतात. चढून थांबलात की भोवळ येते ती यामुळे. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे. त्या गोळीने नाडी वाढू दिली जात नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळात नाडी ऐंशी दिसली तरी तुम्ही आरामात आहात असे समजू नये. त्यांच्यासाठी जुनी परीक्षा चांगली: चालता चालता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का? येत नसेल तर बसा. मधुमेहाच्या लोकांनी लक्षात ठेवावे की उन्हात इन्सुलिन लवकर भिनते, आणि साखर उतरल्याची लक्षणे व उन्हाची लक्षणे फार सारखी असतात, घाम, थरथर, गोंधळ. साखर मोजल्याशिवाय अंदाज करू नये. इन्सुलिनची पेन तापलेल्या गाडीत ठेवली तर ती फेकून द्यायच्याच लायकीची राहते. उदासीनतेवरची काही औषधे, ॲलर्जीच्या आणि वारंवार लघवीच्या काही गोळ्या घाम कमी करतात.

हे वाचून कोणी गोळी बंद करू नका, हात जोडून सांगते. उन्हाळा सुरू होण्याआधी कुपात खोलीमच्या डॉक्टरांकडे जा, सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करा आणि विचारा, “उन्हाळ्यात यांतलं काय कमी-जास्त करायचं? रोज पाणी किती प्यायचं?” हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते, त्यांनी “भरपूर पाणी प्या” हा सर्वसाधारण सल्ला ऐकून लिटरच्या लिटर पिऊ नये. आणि नुसते साधे पाणी तासन् तास पीत राहिले, खाल्ले काहीच नाही, तर रक्तातले मीठ पातळ होते. त्यानेही माणूस गोंधळतो. दोन बिस्किटे, थोडे खारे दाणे बरोबर असावेत.

आता त्या 645 जणांकडे येते. त्यांत उघड्यावर राहणारे बेघर लोक पुष्कळ होते. पण घरात दगावलेलेही बरेच होते, आणि घरात गेलेल्यांत वयस्कर माणसांचा भरणा मोठा. बहुतेकांच्या घरी एअरकंडिशनर होता. तो बिघडलेला होता, नाहीतर बंद होता. ते डोंगरावर गेलेच नव्हते, डोंगर त्यांच्याकडे आला होता. आणखी एक गोष्ट तिथल्या भाजण्याच्या दवाखान्यांत दर उन्हाळ्यात दिसते: म्हातारे माणूस रस्त्यावर पडते, लगेच उठता येत नाही, आणि तापलेल्या डांबराने काही मिनिटांत कातडी भाजते.

म्हणून म्हणते, हा नियम आपणही घ्यावा. आपल्यापैकी कितीजण जुन्या शिकूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. शुक्रवारी शब्बाथची खरेदी, दोन्ही हातांत पिशव्या, त्यात कलिंगड, वेळ दुपारी बाराची, आणि पुढे साठ पायऱ्या. याला चढण नाही तर काय म्हणायचे? नऊच्या आत शुकमधून परत यायला काय हरकत आहे? आणि आपला बिरड्याचा सण ऐन उन्हात येतो, पंचवीस तास पाण्याचा थेंब नाही. डॉक्टरांनी उपास मना केला असेल तर रब्बींना सांगून तो सोडावा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरी त्या दिवशी दुपारी बाहेर पडू नये.

फिनिक्सच्या नियमात मला दोन गोष्टी खटकतात, त्याही सांगते. वाट संध्याकाळी पाचला उघडते. पाच म्हणजे तिथे संध्याकाळ नव्हेच, दिवसाचा सर्वांत तापलेला काळ बहुधा दुपारी चार-पाचचाच. खडक तर अंधार पडेपर्यंत उष्णता ओकत असतो. कामावरून सुटलेल्या तरुणांची सोय म्हणून पाच ठीक असेल. साठीच्या पुढच्यांनी वाट दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बंदच समजावी. दुसरी गोष्ट, बंदी फक्त खात्याने इशारा दिला तरच. चाळीस अंशांचा साधा दिवस असला, इशारा नसला, तर वाट उघडी. गंमत अशी की त्याच शहराच्या इतर डोंगरवाटांवर पारा 100 फॅरनहाइट, म्हणजे 38 अंशांना पोचला की कुत्र्यांना मनाई आहे. 2016 पासून. कुत्र्यासाठी ठरलेला आकडा, माणसासाठी इशाऱ्याची वाट! मी तरी कुत्र्याचा नियम माझ्यासाठी घेतला आहे.

मसादालाही कडक उन्हाच्या दिवशी सर्पवाट सकाळीच बंद करतात, तिथे कोणी फार कुरकुर करत नाही. रोपवे आहे म्हणून असेल.

डोंगरावर असो की जिन्यात, माणूस उन्हाने पडला तर काय करायचे ते नातवंडांनाही वाचून दाखवा. नुसता थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, पण बोलणे ठीक असेल, तर सावलीत आडवे करून पाय वर घ्यावेत, कपडे सैल करावेत, घोट घोट पाणी द्यावे. पण बोलणे असंबद्ध झाले, चाल दारुड्यासारखी झाली, ओळख पटेना, तर तो उष्माघात समजावा, अंगाला घाम असला तरी. “घाम आहे म्हणजे काळजी नाही” हा गैरसमज अनेकांचा आहे. अशा वेळी शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि मिनिटे महत्त्वाची असतात. इथे 101, अमेरिकेत 911 ला फोन, आणि ॲम्ब्युलन्सची वाट पाहत बसू नका, लगेच थंड करायला लागा. असेल तेवढे पाणी अंगावर ओता, ओल्या कपड्याने सगळे अंग भिजवून वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. पॅरासिटामोलचा इथे उपयोग नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुले-नातवंडे आता अमेरिकेत आहेत, आणि सुट्टीत आईवडिलांना नेले की त्यांना काहीतरी भव्य दाखवायची घाई असते. मुलांनो, तिकीट काढण्याआधी महिना बघा. ॲरिझोनाला आजीला न्यायचे तर नोव्हेंबर ते मार्च. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात कुठेही चढवू नका, नव्या हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. वाट निवडताना अंतर विचारू नका, चढ किती आणि सावली किती ते विचारा. प्रत्येकाचे पाणी वेगळे ठेवा, आणि अर्धे संपायच्या आत मागे फिरायचे, मग शिखर हाताच्या अंतरावर दिसत असले तरी.

कॅमलबॅक खालून पाहायला फार सुंदर आहे. संध्याकाळी तो लाल होतो, मग जांभळा. चढण्याची हौस भागवायची असेल तर जवळच पापॅगो पार्कमध्ये होल-इन-द-रॉक नावाची टेकडी आहे. तांबड्या खडकाला आरपार भोक पडलेले आहे, पायथ्यापासून दहा-पंधरा मिनिटांची वाट, तीही मागच्या बाजूने, मध्ये थोड्या पायऱ्या. मी मार्चमध्ये सकाळी साडेसातला काठी घेऊन गेले होते. वरच्या भोकात सावलीत बसायला जागा आहे, समोर सगळे शहर दिसते. शेजारच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये सपाट वाटा आणि बाके आहेत, गुडघेवाल्यांनी तिकडे जावे. टोपी रुंद काठाची घ्या, बेसबॉलची नको, तिने कान आणि मान उघडी राहते.